बाई, हजेरी मीच भरत होतो

बाई,

परवा तुमची तेरवी झाली आणि काल नॉर्मल स्कूलच्या मोठ्या वर्गात शोकसभा. मास्तर तयार करणारी ती शाळा, तेव्हा बोलणाऱ्यांना काय तोटा! एक गृहस्थ उठून म्हणाले, बाईंनी हजारो शिक्षक घडवले. मी मागच्या बाकावर होतो. तुमचा आवाज मला अगदी स्वच्छ ऐकू आला, "हजारो? मोजले कोणी?" मला हसू फुटलं. शोकसभेत हसलो, बाई. शेजारी शकुंतला होती. तिनं आधी माझ्याकडे रागानं पाहिलं, मग तिलाही कळलं आणि तिनं पदर तोंडाला लावला. लोकांना वाटलं ती रडते आहे. तशी रडतही होती.

मग मला बोलायला सांगितलं. "बाईंनी मला लिहायला शिकवलं," एवढं म्हणून मी खाली बसलो. बाकी जे सांगायचं आहे ते सभेत सांगण्यासारखं नाही, तुम्हालाच सांगायचं आहे. त्यात आपलं एक भांडण आहे, आणि मी तुमच्याशी बोललेलं एक खोटं आहे.

तुमच्या वर्गात मी आलो तेव्हा स्वातंत्र्याला वर्षही झालं नव्हतं. तिरोड्याकडच्या खेड्यातला मी पोवाराचा पोरगा. घरात पोवारी बोली, गावात झाडीबोली आणि पाटीवर पुस्तकातली मराठी. तिन्ही येत होत्या, पण लिहायला बसलो की पुस्तकातलीच आठवायची, तीही दुसऱ्याची. तुम्ही 'माझ्या गावातील शिक्षण' असा निबंध सांगितला. मी लिहिलं, 'भारत हा खेड्यांचा देश आहे. येथील निरागस बालके ज्ञानगंगेपासून वंचित आहेत.' चार पानं भरली. मला वाटलं, बाई वर्गात वाचून दाखवतील. दाखवलीत. पहिली दोन वाक्यं वाचलीत आणि थांबलात.

"धनलाल, तुमच्या गावात घरं किती?"

"असतील शंभरेक."

"असतील?"

"मोजली नाई बाई कधी."

"शाळेत न येणारी मुलं किती?"

"लय आहेत."

"लय म्हणजे?"

वर्ग हसला. माझे कान तापले. तुम्ही मात्र हसला नाहीत. वही परत देत म्हणालात, "गंगा राहू द्या. पुढच्या सोमवारी घरं मोजून या."

शनिवारी पॅसेंजरनं गावी गेलो, रागातच. घरोघरी फिरलो. एका म्हाताऱ्यानं दारातून विचारलं, "काय मोजून राहिला रे? सरकारनं धाडलं काय?" मी म्हटलं, "नाई बा, बाईनं धाडलं." सोमवारी एकच पान आणलं. घरं किती, शाळेच्या वयाची मुलं किती, त्यातली येतात किती आणि हे मला कोणी सांगितलं. त्याखाली तुम्ही लाल शाईनं लिहिलंत, 'आता वाचता येतं.' पुढे मला चांगले शेरे मिळाले बाई, पण त्या शेऱ्याची सर एकालाही नाही.

ट्रेनिंग संपलं तरी मी रविवारी येत राहिलो. गोंदियात राइस मिलच्या गल्लीत तुमची ती दोन खोल्यांची जागा. ओसरीवर सतरंजी. मिल चालू असली की कोंडा उडून कागदांवर बसायचा आणि तुम्ही फुंकर मारून पुढची ओळ वाचायच्या. तुमचे घरमालक शेटजी एकदा जाता जाता म्हणाले, "बाईजी, ये मास्टर लोग हर इतवार क्या लिखते रहते हैं?" तुम्ही म्हणालात, "जो देखा, वही." ते म्हणाले, "बस इतना? इसके लिए स्कूल?" तुम्ही म्हणालात, "यही तो सबसे मुश्किल है, सेठजी."

परीक्षेच्या जुन्या पेपरांच्या कोऱ्या पाठीचे तुकडे कापून तुम्ही चिठ्ठ्या केल्या होत्या. एका चिठ्ठीवर एकच गोष्ट, खाली कोणी सांगितलं, कुठे, केव्हा. हे नसेल तर ती चिठ्ठी चुलीत. आम्हाला वाटायचं, बोलायची रीत आहे. मग एका रविवारी माझ्या अकरा चिठ्ठ्यांवर चहा उकळला. तो चहा मीही प्यायलो. गोड होता.

गोंदियात कॉलेज निघालं तशी तिथली मुलंही ओसरीवर येऊ लागली. शकुंतला त्यातलीच. बोड्या, म्हणजे लहान तळी, आणि मोठे तलाव कोणी बांधले यावर ती लिहीत होती. तिची दोन पानं एकदम साफसुथरी निघाली. तुम्ही एका ओळीवर बोट ठेवलंत.

"हे वाक्य तुझं नाही."

"चांगलं होतं म्हणून घेतलं, बाई."

ती रडायच्या बेतात होती. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "दुसऱ्याच्या बांधीतलं धान न सांगता आपल्या खळ्यात आनलं, त्याले आमच्याकडे चोरी म्हनते."

"आणि सांगून आणलं तर?"

"मंग उसनं."

तुम्ही गुडघ्यावर थाप मारलीत. "बस्स! आजपासून हाच नियम. कोणाकडून आणलं ते लिहा, म्हणजे उसनं." पुढे कितीतरी मास्तरांना आणि विद्यार्थ्यांना तुम्ही हे सांगितलंत आणि दर वेळी आधी म्हणालात, "हे धनलाल म्हणाले होते." एका धानवाल्याच्या तोंडच्या गोष्टीलाही तुम्ही त्याचं नाव लावलंत. आपल्या बोलण्यालाही मोल असतं हे मला तेव्हा कळलं.

आता भांडणाकडे येतो.

नागपुरात शिक्षकांची परिषद भरणार होती. तेव्हा नागपूर प्रांताची राजधानी होती, म्हणजे खात्याचे मोठे साहेब समोर बसणार. तुम्ही म्हणालात, धनलाल, तुम्ही निबंध वाचा. विषय मीच काढला, धानपट्ट्यातल्या शाळांची हजेरी. चार महिने खपलो. माझ्या आणि आजूबाजूच्या शाळांची हजेरीबुकं उतरवून काढली आणि एका रविवारी कागद तुमच्यापुढे ठेवले. तुम्ही बराच वेळ पाहत होता. मग विचारलंत, "धानाच्या रोवण्याच्या दिवसांत मुलं शाळेत असतात?"

"नाई बाई. सारी बांधीत रायतात. पऱ्ह्यातले रोपं उपटतात, लहान्या लेकरायले धरतात."

"मग इथे तर सगळी हजर दिसतात."

मिल बंद होती त्या दिवशी. चांगलंच आठवतं, कारण पुढचं माझं बोलणं ओसरीवर सगळ्यांना ऐकू गेलं.

"हजेरी कमी दिसली त मास्तर कमी करतात बाई. शाळाच बंद पडते. म्हनून भरतात."

"कोण भरतं?"

"सारेच."

"तुमच्या शाळेत?"

"मी."

तुम्ही रागावला नाहीत. आत जाऊन पाणी आणलंत, माझ्यापुढे ठेवलंत आणि म्हणालात, "मग तुमचा निबंध हाच आहे."

मी म्हटलं, नोकरी जाईल. तुम्ही म्हणालात, मग लिहू नका, त्याचा मला राग नाही. पण हे आकडे घेऊन मी तुम्हाला नागपूरला उभं करणार नाही. मी म्हटलं, तुम्हाला काय बाई, तुमची खुर्ची पक्की आहे. हे मी म्हणालो. मी कागद गोळा केले आणि स्टेशनवर येऊन गाडीची वाट पाहत बसलो. पुढचे सहा रविवार आलो नाही.

त्या सहा रविवारांत माझे हेडमास्तर मला समजावत होते. चांगला माणूस. "धनलाल, आपल्याच पायावर धोंडा काऊन पाडून घेऊन राहिला? जे साऱ्यायले माहीत आहे, ते लिवून कोनाचं भलं होनार?" मला त्यांचं पटत होतं. आणि तरी रोवणा लागला तशी मी एक दुसरी वही केली. शाळेच्या हजेरीबुकात नेहमीसारखं भरत होतो आणि वहीत खरं लिहीत होतो. शाळा सुटली की बांधीच्या धुऱ्याधुऱ्यानं, बांधावरून जायचं आणि न आलेल्या प्रत्येक मुलाला विचारायचं. एका मुलीच्या कडेवर तिचा भाऊ होता. ती म्हणाली, "गुरुजी, मी शाळेत आली त लहान्याले कोन धरंल? माय त बांधीत रायते."

सातव्या रविवारी वही घेऊन तुमच्याकडे आलो. तुम्ही दारातच हात पुढे केलात, वहीसाठी. मी सहा रविवार कुठे होतो ते विचारलं नाहीत. त्या मुलीचं बोलणं मी वहीतल्या नव्या निबंधात असं लिहिलं होतं, 'मी शाळेत आले तर धाकट्या भावास कोण सांभाळेल?' तुम्ही चष्म्यावरून पाहिलंत.

"ही मुलगी पुण्याची आहे का?"

"नाई बाई, आमच्याच गावची."

"मग तिला तिच्या तोंडानं बोलू द्या ना. नागपूरच्या साहेबांना नाही समजलं, तर विचारतील."

ते मी ऐकलं. पण एका वाक्यावर आपलं जुळलं नाही. मी लिहिलं होतं, 'रोवण्याच्या काळात उपस्थिती वास्तवापेक्षा अधिक नोंदवली जाते असे आढळून येते.' तुम्ही म्हणालात, "नोंदवली जाते, आढळून येते. या क्रियापदांना हात नाहीत, धनलाल. कोणाचे हात?" मी म्हटलं, शास्त्रीय लेखनात असंच लिहितात, नागपूरहून आणलेल्या पुस्तकांत पाहा. तुम्ही म्हणालात, पुस्तक लिहिणारा हजेरी भरत नव्हता, तुम्ही भरत होता. संध्याकाळच्या गाडीपर्यंत भांडलो. शकुंतला अधूनमधून चहा ठेवायला उठायची, ते केवळ तिथून निघण्यासाठी. शेवटी तुम्ही म्हणालात, "निबंधावर नाव तुमचं आहे. ठेवा." आणि वाक्य तसंच राहिलं.

परिषदेत मी ते तसंच वाचलं. तुम्ही तिसऱ्या रांगेत होता. वाचून झालं, टाळ्या झाल्या. खात्याचे एक अधिकारी उठले आणि अगदी सौम्यपणे म्हणाले, "निबंध चांगला आहे. एक विचारतो. नोंदवली जाते म्हणजे कोण नोंदवतं?"

मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही मान खाली घालून पदराचं टोक नीट करत होता. तुम्ही वर पाहिलं असतं, तर तुमच्यासाठी बोललो असं झालं असतं. आज मला वाटतं, तुम्ही मुद्दामच पाहिलं नाहीत. पण हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही, तेव्हा हा केवळ अंदाज, असं इथे लिहून ठेवतो.

मी म्हटलं, "मी नोंदवतो, साहेब."

साहेबांनी मान डोलावली आणि खाली बसले. बाहेर आल्यावर तुम्ही मला शाबासकी दिली नाहीत. "जेवलात का?" एवढंच विचारलंत.

दोन महिन्यांनी बदलीचा कागद आला. कोहमाऱ्याच्या पलीकडे, जंगलातल्या एकाच मास्तराच्या शाळेवर. कागदावर कारण लिहिलेलं नव्हतं. बायको चार दिवस बोलली नाही. बाप म्हणाला, "जाय. नोकरी हाय त जावंच लागते. रोवण्याचं मी पाहून घेईन." त्याचं वय तेव्हा साठीच्या पुढे होतं.

तो पावसाळा त्यानं एकट्यानं काढला, मजूर लावून. भादव्यात तापानं पडला. निरोप माझ्यापर्यंत यायला नाला उतरावा लागला, आणि मी घरी पोचलो तोवर त्याला नेऊन झालं होतं. तुम्ही मला पत्र पाठवलंत, चारच ओळींचं. मी उत्तर दिलं नाही. तुम्हाला वाटलं असेल, दुःखात आहे. दुःख होतंच. पण रागही होता, आणि तो तुमच्यावर होता.

पुढल्या वर्षी, ऐन रोवण्यात, तुमचं कार्ड आलं, गुरुवारी कोहमाऱ्याला येते, फाट्यावर भेटा. मी सायकल मारत आलो. तुम्ही चहाच्या टपरीत बाकड्यावर बसला होता, चपला चिखलानं भरलेल्या, मांडीवर चिठ्ठ्यांचं पुडकं. पांढरे केस वाढले होते. नाल्यात सायकल खांद्यावर घ्यावी लागेल एवढं पाणी होतं म्हणून तुम्हाला शाळेपर्यंत नेता आलं नाही. परतीची बस दोन तासांनी होती. चिठ्ठ्या तुम्ही माझ्यासाठी कापून आणल्या होत्या. ट्रकवाले चहा पिऊन उठत होते, नवे येऊन बसत होते. आपण मुलांविषयी बोललो, शकुंतलेविषयी बोललो. मग मध्येच तुम्ही विचारलंत, "धनलाल, मी तुम्हाला यात ढकललं का?"

मी म्हटलं, "नाई बाई. तसं काई नाई."

फार लवकर म्हटलं. तुम्ही कप खाली ठेवलात आणि माझ्याकडे पाहत राहिलात. उत्तरावरचा दुसरा प्रश्न तुम्ही सहसा सोडत नव्हता, त्या दिवशी सोडलात. बस आली. खिडकीतून तुम्ही हात केलात, मीही केला.

त्यानंतर किती वेळा भेटलो! प्रांत बदलला, राजधानी मुंबईला गेली, तुमच्या ओसरीवर माझ्याहून लहान मास्तर आले. तुमच्या शेवटच्या आजारपणातही मी दोनदा येऊन गेलो. दुसऱ्यांदा तुम्ही फार हळू बोलत होता. "नवीन काय लिहिता?" विचारलंत. मी शाळेचं सांगत बसलो. तुमचे भाऊ उशाशी होते. ते थोडा वेळ बाहेर गेले तेव्हाही मी शाळेचंच सांगत होतो.

काल सभेनंतर शकुंतला आणि मी तुमच्या घरी गेलो. तुमच्या भावानं ट्रंक उघडून दिली. ट्रेनिंग अर्ध्यावर सोडून गेलेल्या बायांवर तुम्ही लिहीत होता, ते बाड निघालं. मी कितीदा म्हटलं होतं, बाई, आता पुरे, छापायला द्या. तुम्ही म्हणायच्या, अजून चौघींना भेटायचं आहे. आम्हा सगळ्यांचं पुरं करून दिलंत आणि स्वतःचं ठेवलंत तसंच. यावर मी अजूनही तुमच्याशी भांडायला तयार आहे. शकुंतला म्हणाली, आपण शेवटचं प्रकरण लिहून टाकू, बाईंच्याच नावानं. मी नको म्हटलं. बाई जिथे थांबल्या तिथे थांबायचं आणि खाली लिहायचं, इथवर बाईंनी लिहिलं, चौघींना भेटणं राहिलं. ती म्हणाली, "त्या चौघी कोण, ते तरी शोधू या." तेवढं करतो आहोत. सापडल्या तर त्यांचं बोलणं वेगळं छापू, आमच्या नावांनी.

आता ते खोटं. टपरीतल्या तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर 'हो' असं होतं. तुम्ही मला ढकललंत. हेडमास्तरांनी धरून ठेवलं होतं आणि तुम्ही ढकललंत. बापाच्या शेवटच्या पावसाळ्यात मी त्याच्याजवळ नव्हतो आणि त्याचा दोष मी मनात तुम्हाला दिला होता. तुम्ही चिखल तुडवत मला भेटायला आलात, तेव्हाही तो राग माझ्या पोटात होता. तुमच्या चपला पाहून बोलवलं नाही, एवढंच.

तो राग गेला कधी, तेही सांगतो. तुमच्या भेटीनंतरच्या वर्षी नागपूरचे तेच अधिकारी दौऱ्यावर माझ्या शाळेत आले. त्यांनी हजेरीबुक मागितलं. रोवण्याच्या दिवसांत पानंच्या पानं गैरहजेरीची. त्यांनी विचारलं, "हे खरं?" मी म्हटलं, "हो साहेब, मी नोंदवलं." ते बराच वेळ बाहेर पडवीत उभे राहून बांध्यांकडे पाहत होते. जाताना म्हणाले, या दिवसांत शाळा पहाटे भरवा, बांधीत जायच्या आधी, आणि तसं लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी सांगावा धाडला. तिसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मुलं आली. पाच मुली, त्यातल्या तिघींच्या कडेवर भाऊ-बहिणी, आणि सहा मुलगे, पोटरीपर्यंत चिखल. लेकरं भिंतीशी बसली आणि मोठ्या मुली वाचू लागल्या.

तेव्हा मला वाटलं, आत्ता गोंदियाला जावं आणि हे बाईंना सांगावं. ज्याच्यावर आपला राग असतो त्याला चांगली बातमी सांगायला माणूस असा तडफडत नाही. त्यावरून मला कळलं, राग गेला आहे. कार्ड काढलं, वर तुमचा पत्ता लिहिला. तेवढ्यात दारात आणखी दोघी येऊन उभ्या राहिल्या. मी कार्ड टेबलावर ठेवून त्यांना आत घेतलं आणि मग ते लिहायचं राहून गेलं, ते आजपर्यंत.

तुमचा,
धनलाल